जागलीची बंदूक हलकी करताना

पिकाच्या रक्षणासाठी घेतलेली बंदूक चालते क्वचित, वाहावी मात्र रोज लागते. ज्यांच्या घरी बंदूक नाही त्यांना हे लवकर पटत नाही. त्यांना वाटतं, रायफल आहे म्हणजे रोज रात्री ठो-ठो चालत असेल. आमच्याकडे एखादा हंगाम एकही गोळी न सुटता जातो. सुतळी बॉम्ब, पत्र्याचा डबा, दोन कुत्री आणि घसा एवढ्यावरच रात्रीची जागल निभते. बंदूक मात्र संध्याकाळी घरून खांद्यावर निघते आणि पहाटे खांद्यावरच परत येते. वावरातल्या झोपडीत ती ठेवून येता येत नाही. ज्याच्या नावावर परवाना, त्याच्या ताब्यात, नाहीतर घरी कुलपात.

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या पट्ट्यात. गावापासून अडीच-तीन किलोमीटर. उन्हाळ्यात मोटारसायकल थेट धुऱ्यापर्यंत जाते, पण उन्हाळ्यात राखायला पीक नसतं. भादव्यात सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या की डुकरं उतरतात, मग तूर, मग हरभरा, असं माघापर्यंत चालतं. रोही, म्हणजे नीलगाय, तर हरभऱ्याचे शेंडे एका रात्रीत असे खुडतात की सकाळी वाटावं कोणी मजूर लावून खुडणी केली. सुरुवातीचे दोन-तीन महिने पांदण रस्त्यावर पायीच जावं लागतं. माझी पन्नाशी उलटली आहे. उजवा खांदा धरला तेव्हा डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं आणि विचारलं, या खांद्यावर काय वाहता? मी बंदूक म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

तिथून बंदूक हलकी करायचं डोक्यात बसलं.

आधी कागदपत्रांचं सांगतो, कारण कोणतीही दुरुस्ती मनात आली की पहिली भिंत तीच असते. शिकार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठी किंवा रोह्यासाठी कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते, आणि ती मिळाली तरी मोकाट नसते. माझ्या परवानगीपत्रात गट नंबर लिहिलेला आहे. त्याच्या बाहेर नाही, जंगलात पाठलाग नाही, काही झालं तर आधी वनरक्षकाला फोन, मग पंचनामा. बंदुकीचा परवाना वेगळा, तो १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा. वडिलांच्या पश्चात तो माझ्या नावावर झाला तेव्हा तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षांची झाली. याच कायद्याच्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं गुन्हा आहे. दुरुस्तीसुद्धा ज्याच्याकडे त्या कामाचा परवाना आहे त्यानेच करायची. म्हणजे गावच्या वेल्डिंगवाल्याकडे ग्राइंडर आहे आणि तो आपला दोस्त आहे, या गोष्टीचा इथे उपयोग नाही.

हे मुद्दाम ठासून सांगतो. आमच्या भागात डुकरापायी माणूस काहीही करायला तयार होतो. खांबावरून थेट करंट घेऊन तारेत सोडणारे आहेत. त्यात वाघ मेले, बैल मेले आणि शेजारचा माणूसही मेला. बॅटरीवर चालणारं झटका मशीन वेगळं, ते फक्त हाकलतं. पण रात्री तारेला हात लागेपर्यंत दोन्ही तारा सारख्याच दिसतात.

आता बंदूक. आमची रायफल इशापूरची, ०.३१५ बोअरची, म्हणजे नळीच्या भोकाचं माप इंचात तेवढं. बंगालात हुगळीकाठी इशापूरला १९०४ पासून रायफली बनतात. हे ०.३१५ प्रकरण मोठं मजेशीर आहे. इंग्रज फौजेची काडतुसं ०.३०३ ची. ती साध्या माणसाच्या हाती लागू नयेत म्हणून हिंदुस्थानात खाजगी लोकांना तो बोअर बंद केला. मग बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने फौजेच्याच ली-एनफिल्ड धाटणीवर वेगळ्या काडतुसाची रायफल काढली. स्वातंत्र्यानंतर इशापूरने तीच वाट पुढे चालवली. त्यामुळे दिसायला शिकारी बंदूक असली तरी तिची हाडं फौजेची आहेत. काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा बोल्ट, त्याभोवतीचं लोखंडी अंग, काडतुसं भरायचं मॅगझीन, सगळं दणकट. चिखलात पडली तरी चालेल अशी, आणि म्हणूनच जड.

किती जड, हे कोणी मोजलं नव्हतं. घरात जो तो अंदाजाने बोलायचा. वडील चार किलो म्हणायचे, धाकटा भाऊ पाच. आमच्याकडे कापूस वेचणीचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, वर अडकवायचा हुक आणि खाली लटकवायचा हुक असलेला. वेचणाऱ्या बायांना किलोवर मजुरी असते, त्यामुळे त्या काट्यावर गावात सगळ्यात जास्त नजर असते. तो खोटं बोलला तर दुसऱ्या दिवशी वेचायला कोणी येत नाही. बोल्ट उघडून, मॅगझीन काढून, चेंबर बोटाने चाचपून मग बंदूक पट्ट्यासकट काट्याला लावली. वर काडतुसं आणि कव्हरही लावलं, अगदी पांदणीवरून नेतो तशी. काट्याने सहा किलो दाखवले, वर पन्नास ग्रॅम.

मंडळी बघत होती. शेजारचे काकाजी म्हणाले, "सहा किलो? इतका तं माह्या नातीचा दप्तर नाही बे!"

मग एकेक काढून पुन्हा मोजत गेलो. बारीक वस्तूंना घरातला स्वयंपाकाचा काटा घेतला, बायकोच्या नजरेखाली. नुसती बंदूक भरली ३ किलो ४५० ग्रॅम. म्हणजे राहिलेले अडीच किलो तिच्यावर बाहेरून चढलेले होते. दुर्बीण आणि तिचा पोलादी माउंट मिळून ९५० ग्रॅम. नळीच्या टोकाला लोखंडी पकडीत बसवलेला टॉर्च ४०० ग्रॅम. काडतुसांची घरं शिवलेला जुना चामडी पट्टा ३५०. दहा काडतुसं ३०० ग्रॅम, कारण ०.३१५ चं एक काडतूस तीसेक ग्रॅम भरतं आणि त्यातली अर्ध्याहून जास्त नुसती गोळीच असते. आणि जाड कॅनव्हासचं कव्हर ६०० ग्रॅम. हे कोरडं असताना. श्रावणात भिजल्यावर त्याचं काय होत असेल ते मोजायची मला हिंमत झाली नाही.

पण घरात सगळ्यांचं लक्ष बंदुकीवर. पुतण्या नागपुरात इंजिनीअरिंगला आहे. त्याने मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली. तिकडे डोंगरात मेंढ्यांच्या शिकारीला जाणारे लोक ग्रॅम-ग्रॅम मोजतात. वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्स यांनी १९८० च्या दशकात केव्हलर आणि ग्रॅफाइटचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो भाग, बनवून बंदूक हलकी करायची जी वाट पाडली, तिच्यावरून आज बाजारात सव्वादोन किलोच्या आसपासच्या बोल्ट रायफली आल्या आहेत. पातळ नळी, नळीवर उभ्या खाचा, पोकळ बोल्ट, टायटॅनियम. पुतण्या म्हणाला, "मोठेबाबा, नळीवर अशा खाचा पाडून घेऊ ना."

मी त्याला कलमं सांगितली. त्यावर तो म्हणाला, खाच पाडणं म्हणजे आखूड करणं नव्हे. वकील व्हायला हवा होता.

कायदा बाजूला ठेवला तरी लोखंड काढण्याचं एक जुनं उदाहरण याच घराण्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ली-एनफिल्डची हलकी आवृत्ती काढली. क्रमांक पाचची रायफल, सैनिक तिला जंगल कार्बाइन म्हणत. नळी आखूड केली, बोल्टभोवतीच्या अंगातून जागोजागी लोखंड कोरून काढलं, पुढचं लाकूड छाटलं. चार किलोच्या पुढची बंदूक सव्वातीन किलोच्या आत आली. आणि मग तक्रारी सुरू झाल्या. धक्का जबर, त्यात दस्त्याला लावलेली रबरी गादी अरुंद आणि कडक. शिवाय नेम टिकत नाही, आज एकीकडे, उद्या दुसरीकडे, अशी ओरड होती. १९४४ ला सुरू झालेलं उत्पादन १९४७ ला बंद झालं. सरकारी कारखान्याला जे धड जमलं नाही ते आपण ग्राइंडरने करू, ही कल्पना मला झेपली नाही.

तरी बंदूक घेऊन नागपूरला एका जुन्या, परवाना असलेल्या दुकानात गेलो. तिथले उस्ताद सत्तरीच्या पुढचे. वडील त्यांच्याकडेच यायचे. त्यांनी परवाना पाहिला, नंबर ताडला, वहीत नोंद केली, पावती दिली, मगच कव्हरची दोरी सोडू दिली. मी म्हटलं, वजन कमी करायचं आहे. ते हसले नाहीत. त्यांनी बंदूक आडवी धरून डाव्या हाताच्या एका बोटावर तोलली. बोट मॅगझीनच्या बरंच पुढे गेलं तेव्हा कुठे ती स्थिर झाली.

"वजन नंतर बघू," ते म्हणाले. "आधी हे बघा, ही पुढे पडते."

बंडी भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. ओझं मागे गेलं की उलाळ होते, पुढे आलं की बैलाच्या मानेवर दाब येतो, आणि ओझं तेवढंच असतं. टॉर्च नळीच्या टोकाला, म्हणजे हातापासून हातभर लांब. चारशे ग्रॅम तिथे टांगल्यावर मनगटाला ते दीड-दोन किलोसारखं लागतं. आणि दुर्बीण उंच माउंटवर, पट्ट्याच्या रेषेच्या वर. त्यामुळे खांद्याला अडकवलेली बंदूक सतत गरगर फिरून दुर्बीण पाठीत घुसवायला बघायची आणि मी चालताना उजव्या हाताने तिला धरून ठेवायचो. खांदा वजनाने कमी आणि या धरून ठेवण्याने जास्त दुखत होता, हे मला त्यांच्या दुकानात उमगलं.

मी दस्त्याचं विचारलं. दस्ता आतून कोरून पोकळ करतात असं पुतण्याने दाखवलं होतं. ली-एनफिल्डचा मागचा दस्ता एका लांब स्क्रूने पुढच्या लोखंडी खोबणीत आवळलेला असतो. उस्तादांनी मागची पट्टी काढून त्या स्क्रूचं भोक दाखवलं. म्हणाले, याच्या बाजूने आणखी भोकं पाडता येतील. अंगठ्याएवढं रुंद, वीतभर खोल असं एक भोक पाडलं तर बुक्का निघेल पस्तीस-चाळीस ग्रॅम. तीन भोकं पाडली तर शंभर-सव्वाशे. "भाऊ, लाकडात काय ठेवलंय? वजन लोखंडात आहे. आणि लोखंडाला मी हात लावणार नाही." शिवाय मागून वजन काढलं की ती आणखी पुढे पडेल, ते वेगळंच.

बोल्ट बदलून हलका मिळतो का, हाही प्रश्न माझ्या यादीत होता. त्यावर त्यांनी बोल्टवरचा नंबर आणि अंगावरचा नंबर शेजारी-शेजारी दाखवला. बोल्ट त्याच बंदुकीशी जुळवलेला असतो. तो बंद झाल्यावर काडतुसाच्या बुडाशी किती फट राहते हे ठरलेलं असतं, आणि दुसऱ्या बंदुकीचा बोल्ट घातला की ते गणित बिघडतं. फट जास्त झाली तर काडतुसाची पितळी खोळ फाटून गॅस मागे येऊ शकतो. मागे म्हणजे आपल्या तोंडाकडे.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली. दस्त्यामागे जाड पोलादी पट्टी होती आणि पट्टीखाली कधीतरी लांबी वाढवायला घातलेला लोखंडी तुकडा. वडील उंच होते, त्यांच्या मापाने ते केलेलं असावं. दोन्ही काढून मऊ, रुंद रबरी गादी बसवली. दीडशे ग्रॅम कमी झाले आणि दस्ता माझ्या मापाचा झाला. बंदुकीच्या स्वतःच्या अंगातून एवढंच वजन निघालं. बाकी सगळं तिच्या अंगाखांद्यावरचं होतं.

दुर्बिणीवर घरात तंटा झाला. ती धाकट्या भावाने हौसेने आणलेली. सहापासून चोवीस पटीपर्यंत मोठं दाखवणारी, पुढची काच ५० मिलिमीटरची, दिसायला तोफेसारखी. आमच्या मचाणापासून नाल्याचा उतार पन्नास-साठ मीटर. तिथे तिचं सगळ्यात कमी, म्हणजे सहापट ठेवलं तरी जेमतेम तीन मीटरचा पट्टा दिसतो. डुक्कर दोन पावलं सरकलं की गायब, आणि त्याच्या मागे काय आहे हे तर दिसतच नाही. त्या उतारापलीकडे दुसऱ्याचं वावर आहे, तिथेही कोणीतरी जागलीला बसलेलं असतं. मागे काय आहे हे दिसत नसेल तर बंदूक उचलूच नये, असं माझं मत आहे. यावर भावाशी मी वाद घालत नाही, सरळ बंदूक त्याच्या हाती देत नाही. तसंही परवाना माझ्या नावावर आहे.

भाऊ म्हणे, मोठी काच अंधारात जास्त उजेड घेते. अर्धं खरं. डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याची रुंदी म्हणजे पुढच्या काचेचा व्यास भागिले पट. पन्नासला चोवीसने भागा, दोन मिलिमीटर येतं. तिन्हीसांजेला आपल्या डोळ्याची बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडते. तिच्यात दोनचा ठिपका आला तर काळोखच दिसणार. २० मिलिमीटरची छोटी काच चार पटीला पाचचा ठिपका देते, दोन पटीला दहाचा. हे गणित पुतण्याने करून दिलं, त्याबद्दल त्याचे वकिलीचे गुन्हे माफ.

आधी मी दुर्बीण काढून नुसत्या माशीवर काम चालवायचं ठरवलं. बंदुकीवर नेम धरायला नळीच्या टोकाची मूळची माशी आणि मागची खाच आहेच, आणि तिचं वजन शून्य. पण या वयात मागची खाच धुरकट दिसते. चष्मा लावला की खाच स्पष्ट दिसते आणि डुक्कर धुरकट. मग दीड ते चार पटीची, बारीक नळीसारखी छोटी दुर्बीण घेतली आणि ॲल्युमिनियमच्या कड्यांत जितकी खाली बसेल तितकी खाली बसवून घेतली. दोन्ही मिळून ३५० ग्रॅम. सहाशे ग्रॅम एका फटक्यात गेले, तेही वरच्या अंगाचे. उस्तादांनी डोळा आणि काच यांत चार बोटांचं अंतर राहील असं बघून कडी आवळली. धक्क्याने मागे आलेली दुर्बीण भुवई फोडते, आणि बंदूक हलकी झाली की ती जास्त जोरात मागे येते.

टॉर्च बंदुकीवरून उतरवला तो कायमचा. मचाणावर दोघं असतो, उजेड दुसऱ्याने धरायचा. यात वजनापेक्षा मोठा फायदा असा की काय आवाज झाला ते बघायला आता बंदूक रोखावी लागत नाही. आधी उजेड पाडायचा म्हणजे नळी तिकडे वळवायची, मग तिथे डुक्कर असो की मोहाकडे निघालेला माणूस. ही पद्धत आमच्याकडे सर्रास आहे आणि अंगावर काटा आणणारी आहे.

पट्ट्याला फार वेळ लागला नाही. चामडी पट्टा भिजला की चार दिवस वाळत नाही आणि त्याला बुरशी चढते. काकाजींनी खाटेची नवार सुचवली, पण सुती नवारही पाणी पिते. बाजाराच्या दिवशी बॅगा शिवणाऱ्याकडून रुंद नायलॉन पट्टी घेऊन दोन्ही खांद्यांवरून जाईल असा, पाठीला दप्तर लावतात तसा पट्टा शिवून घेतला, १२० ग्रॅमचा. खांद्यावरच्या भागाला जुन्या मोटारसायकलच्या सीटचा फोम. बंदूक पाठीशी सरळ राहते, फिरत नाही, दोन्ही हात मोकळे. पांदणीवर हातात काठी घेता येते. सापांच्या दिवसांत ती हातात असलेली बरी.

कव्हर तर लागतंच, रस्त्याने बंदूक उघडी नेता येत नाही. रेनकोटच्या कापडाचं शिवलं, दोनशे ग्रॅममध्ये झालं. काडतुसं दहाऐवजी पाच. मॅगझीन पाचाचं, त्यापेक्षा जास्तीचं काम पडलं तर ते बंदुकीचं काम नाही, गाव गोळा करायचं काम आहे. वाटेने जाताना मॅगझीन रिकामं आणि काडतुसं खिशात, हा वडिलांच्या वेळचा नियम तसाच ठेवला.

पुन्हा कापसाच्या काट्याला लावली. ४ किलो १२० ग्रॅम. सहाच्या वरून सव्वाचारच्या आत. त्यात बंदुकीचे स्वतःचे दीडशे ग्रॅम.

आता याची किंमत. वजन फुकट कमी होत नाही. गोळी आणि बारूद पुढे जाताना बंदुकीला मागे जो रेटा देतात तो ठरलेला असतो. बंदूक हलकी की ती जास्त वेगाने मागे येते. कव्हर सोडून, गोळी झाडताना हातात असलेलं वजन धरलं तर आधी ते ५ किलो ४५० होतं, आता ३ किलो ९२०. मागे येणारी ताकद वजनाच्या उलट प्रमाणात बदलते, म्हणजे ती जवळपास ४० टक्क्यांनी वाढली. कागदावर हे वाचायला सोपं आहे. चांदमारीवर, रीतसर परवानगी काढून, दुर्बीण जुळवायला बसलो तेव्हा पहिल्याच गोळीला खांद्याने हिशेब सांगितला. आणि मी नेमका उजवा खांदा दुखतो म्हणून हा उद्योग आरंभलेला. रबरी गादी नसती तर मी तिथेच सगळं परत जोडून घरी आलो असतो. गादी रुंद असल्याने धक्का पसरतो. वर जाड मोठा रुमाल घडी घालून ठेवला की सुसह्य होतं. तरी दुर्बीण जुळवताना मी लागोपाठ गोळ्या झाडल्या नाहीत. खांदा घाबरला की बोट चाप ओढायच्या आधीच अंग आकसतं, आणि मग नेम दुर्बिणीचा चुकतो की आपला, हे कळायला मार्ग नाही. काडतूसही काही भुईमुगासारखं स्वस्त नाही.

दुसरी किंमत स्थिरतेची. जड बंदूक हातात कमी हलते. हलकी झाल्यावर श्वासाबरोबर काचेतली रेघ वरखाली नाचायला लागली. उभ्याने तर मी आता बंदूक चालवणारच नाही, हे चांदमारीवरच ठरवून टाकलं. मचाणाच्या कठड्याला एक आडवा बांबू बांधला, त्यावर मातीने अर्धं भरलेलं पोतं. बंदूक त्यावर टेकली की वजनाची उणीव भरून निघते. ते पोतं कायम मचाणावर असतं, वाहून न्यावं लागत नाही. नुसता लोखंडी कठडा चालत नाही, टेकलेली बंदूक त्यावर उसळते. पुढचं लाकूड टेकवायचं, नळी नाही.

लाकडावरून आठवलं. उस्तादांनी पुढचं लाकूड काढून दाखवलं होतं, आतल्या बाजूला ते पांढरं आणि कोरडं पडलेलं. बाहेरून वर्षानुवर्षं तेल चोळलेलं, आतून कोणी बघितलंच नव्हतं. असं लाकूड पावसाळ्यात ओल ओढतं. वजन थोडंच वाढतं, पण ते फुगून नळीला एका बाजूने रेटतं आणि नेम सरकतो. पावसात बंदूक डावीकडे मारते असं वडील म्हणायचे, ते हेच असावं. या बंदुकांना जवसाचं तेल चोळायची जुनी रीत आहे. जवस तर आमच्याकडचं घरचं पीक. पण घाण्याचं कच्चं तेल वाळायला फार वेळ घेतं आणि चिकट राहतं. रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवस तेल लवकर वाळतं. आतून-बाहेरून पातळ थर, वाळू द्यायचं, पुन्हा थर, असं दिवाळीपर्यंत केलं. घरात आठवडाभर जवसाच्या चटणीसारखा वास होता आणि चटणी मात्र नव्हती, असं बायकोचं म्हणणं पडलं.

भावाची मोठी दुर्बीण त्याला परत दिली. तो ती मचाणावर आणतो आणि बंदुकीशिवाय, नुसती बघायला वापरतो. पौर्णिमेच्या आसपास नाल्यापलीकडे कोण फिरतंय ते तिच्यातून बऱ्यापैकी कळतं. निदान डुक्कर समजून कोणाच्या गायीवर टॉर्च मारून आरडाओरडा होत नाही.

निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. तेव्हा दुर्बीण, पट्टा आणि कव्हर घरी काढून ठेवतो. पावतीवर येतो तो बंदुकीचा नंबर, आणि एवढ्या बंदुकांच्या गर्दीत उभ्या ठेवलेल्या दुर्बिणीचं कोणी काही बघणार नसतं. जमा करण्याआधी नळीतून तेलाचा बोळा फिरवायचा, कारण ती तिथे महिना-दीड महिना राहते. परत आणल्यावर तोच बोळा कोरडा करून फिरवायचा, नळीत तेल ठेवून गोळी झाडायची नाही. कड्यांचे स्क्रू उस्तादांनी दिलेल्या छोट्या पान्याने आवळतो, आणि त्यांनी कड्यावर व दुर्बिणीवर ओढलेली पांढरी रेघ जुळते का ते बघतो. जुळली नाही तर पुन्हा चांदमारी.